सात मजल्यांना आमची हरकत

यवतमाळात दारव्हा रोडला आमची कॉलनी आहे. आम्ही प्लॉट घेतले तेव्हा तिथे तुरीचं शेत होतं आणि ऐकणारा प्रत्येक जण आम्हाला वेड्यात काढायचा. "इतक्या दूर कोन राह्यते बापा?" असं माझे थोरले काका म्हणाले होते. ते स्वतः नेरच्या बसस्टँडपासून दोन कोस आत, गाडीरस्ता संपतो त्याच्याही पुढे राहत होते.

संस्था सरकारी कर्मचाऱ्यांची. प्लॉट चाळीस बाय साठ. घराच्या चारही बाजूंनी जागा मोकळी सोडायची आणि तळमजल्यावर फार तर एक मजला चढवायचा, अशी अट होती. ती आम्हा सगळ्यांना एकमताने मान्य होती, कारण तो एक मजला चढवण्याचीही तेव्हा कोणाची ऐपत नव्हती.

मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. लोकांच्या अर्जात खोट काढणं हे माझं उभ्या आयुष्याचं काम. माणूस दारात दिसला की त्याच्या चालीवरून मला कळायचं, याने अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावलेलं नाही. निवृत्तीनंतर हे सगळं एका दिवसात थांबलं. पहिले सहा महिने बरं वाटलं. मग मी पेपरातल्या निविदा वाचायला लागलो. पुढे पुढे निविदाही वाचवेनात. दाढी चार-चार दिवस तशीच राहू लागली. बायको म्हणायची, "आरशाले तरी तोंड दाखवत जा." मी म्हणायचो, आरशाचं माझ्याकडे काही काम प्रलंबित नाही.

शेजारी गुरुजी. मूळचे मुकुटबनचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. तीस वर्षांत आमच्या दोन घरांमध्ये भिंत झाली नाही. आधी पैसे नव्हते म्हणून, नंतर सवय झाली म्हणून. बोअरही दोघांत एकच, बरोबर हद्दीवर. बटण त्यांच्या घरात, टाकी माझ्या अंगणात. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की पहाटे ते बटण दाबायचे आणि मी पाइपाला कान लावून इकडून सांगायचो, आलं की नाही ते. यवतमाळच्या उन्हाळ्यात ज्याच्याबरोबर एक बोअर वाटून घेतला आणि तरी भांडण झालं नाही, त्या माणसाला नुसता शेजारी म्हणणं कमीच आहे.

तर एक दिवस पेपरात आलं की शहराचा सुधारित विकास आराखडा जाहीर झाला, तीस दिवसांत हरकती व सूचना द्याव्यात. मी नगर परिषदेत जाऊन भिंतीवरचा नकाशा पाहिला. आमची कॉलनी पूर्वी फिकट पिवळी होती, ती आता गडद केशरी झाली होती. खाली बारीक अक्षरात अर्थ दिला होता. जिथे दोनच मजल्यांची परवानगी होती, तिथे आता सातपर्यंत मिळणार. कारणही दिलं होतं: शहर वाढतंय, पण शेतजमीन खाऊन वाढू नये. म्हणून जिथे रस्ते, नळ, वीज आधीच आहे तिथेच लोकांना वर वर राहू द्यावं. वाचणाऱ्याला पटेल असं कारण होतं, आणि म्हणूनच मला संशय आला.

त्याच आठवड्यात गुरुजींच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. गुंडाळलेला नकाशा काखेत धरून एक गृहस्थ उतरले, दोन वेळा चहा होईपर्यंत बसले. मी खिडकीतून पाहत होतो. गुरुजींचा प्लॉट कोपऱ्याचा, वहिनींचे गुडघे गेलेले, मुलगा पुण्याला. माझ्या डोक्यात टिपणी आपोआप तयार झाली: बिल्डर प्लॉट घेणार, गुरुजी पैसे घेऊन पुण्याला जाणार. सात मजल्यांचं मला खरं तर फारसं काही नव्हतं. पण गुरुजी जातील या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता असं काही हरकतीत लिहिता येत नाही. 'शेजारी निघून जाईल' हे कारण कोणत्याही नियमात बसत नाही. म्हणून मी ऊन, वारा, पाणी आणि सांडपाणी हे मुद्दे घेतले.

गुरुजींना सरळ विचारावं, हे मला सुचलं नाही. तीस वर्षं एकमेकांना ओळखण्याचा हा एक तोटा आहे. माणूस विचारायचं सोडून देतो.

मारुतीच्या देवळात सभा झाली. देऊळ कॉलनीच्या खुल्या जागेत आहे. मूळ नकाशात ती जागा मुलांच्या खेळण्यासाठी राखीव. आधी मारुती आला, मग त्याला ऊन लागतं म्हणून टिनाचं शेड आलं, मग शेडला शोभेल असा सभामंडप झाला. मुलं रस्त्यावर खेळतात. तर त्या सभामंडपात फरशीवर बसून आम्ही कॉलनीच्या मोकळ्या जागेवर आलेल्या संकटाची चर्चा केली. सगळे तावातावाने बोलले. एक निवृत्त ग्रामसेवक म्हणाले, "वरून लोक आपल्या अंगनात पायतीन. बायामानसायनं वाळवनं घालाव का नाई?" ते स्वतः दर संध्याकाळी गच्चीवरून सगळ्यांच्या अंगणात पाहतात. हरकत कोणी लिहायची हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सकाळीच दाढी करून आलो होतो.

मी तीन पानं लिहिली. काय लिहिली म्हणून सांगू! 'सदर वसाहत ही विरळ लोकवस्तीची असून एका भूखंडावर एकच कुटुंब सुखासमाधानाने वास्तव्य करीत आहे' इथून सुरुवात. आठ दिवस मी पहाटे उठत होतो, खोडत होतो, पुन्हा लिहीत होतो. गुरुजींना रोज संध्याकाळी वाचून दाखवायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "झ्याक लिवलं भाऊ." पहिली सही त्यांनीच केली. पेन हातात धरून क्षणभर थांबले खरे, पण मला वाटलं चष्मा शोधत असतील.

बायको म्हणाली, "त्यायले काय पायजे ते तरी इचारलं का तुमी?"

"पहिली सही त्यायची आहे," मी म्हणालो. दप्तरी माणसाला याहून मोठा पुरावा लागत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ज्याने आयुष्य तहसिलीत काढलं त्याला सहपत्रांशिवाय अर्ज पाठवताच येत नाही. नुसता अर्ज म्हणजे कुंकवाशिवाय लग्नपत्रिका. कॉलनी विरळ वस्तीची आहे असं आपण म्हणतो, त्याला आधार काय? मी प्रत्येकाकडे जाऊन घराचा मंजूर नकाशा मागितला. लोकांनी लोखंडी पेट्या उपसल्या, लग्नातल्या शालूखालून नकाशे काढले. मग मी प्रत्येक घराचा चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढला, झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रती घेतल्या आणि प्रत्येक नकाशाच्या मागे त्या त्या घराचे फोटो टाचले. वर यादी, पृष्ठक्रमांक, प्रत्येक पानावर सही. गठ्ठा एवढा झाला की आवक शाखेतल्या बाईने तो दोन हातांनी उचलला. मी घरी येताना आर्णी नाक्यावर थांबून एकट्याने कचोरी खाल्ली, इतका आनंद झाला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ मी स्वतः उघडून, पृष्ठक्रमांक टाकून सादर केली होती, हे सुनावणीच्या दिवशी कळलं.

सुनावणीला नगररचनेच्या एक तरुण अधिकारी बाई होत्या, बोलण्यावरून पुण्याकडच्या वाटल्या. आम्ही सतरा-अठरा जण स्वच्छ कपडे घालून गेलो होतो. बाईंनी तीनही पानं वाचली. "काका, फार सुंदर लिहिलंय. असं हल्ली कोणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. मग त्यांनी सहपत्रं उघडली. बराच वेळ त्या नकाशा पाहत होत्या, फोटो पाहत होत्या, पुन्हा नकाशा पाहत होत्या.

"या घराच्या बाजूला पाच फूट मोकळी जागा दाखवलीय," त्या म्हणाल्या. "फोटोत तिथे ब्यूटी पार्लर आहे."

ग्रामसेवक खिडकीबाहेर पाहू लागले. पार्लर त्यांच्या सुनेचं.

बाईंनी पान उलटलं. पुढच्या घराच्या मागच्या मोकळ्या जागेत चार खोल्या होत्या, पोरांना भाड्याने दिलेल्या. त्याच्या पुढच्या घरात वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग, बाहेर चपलांचा ढीग. 'एका भूखंडावर एकच कुटुंब' असं लिहिलेल्या घरावर विजेचे पाच मीटर ओळीने दिसत होते. मीच फोटो काढला होता आणि चांगला उजेड असताना काढला होता. माझ्या स्वतःच्या घराच्या फोटोत, नकाशात नसलेलं न्हाणीघर, त्यावरची पाण्याची टाकी आणि टाकीवर वाळत घातलेला माझा बनियन स्पष्ट होता.

शेवटी गुरुजींचं घर आलं. त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत जमिनीलगत एक लहान खोली काढली होती. आमची घरं काळ्या मातीमुळे उंच जोत्यावर आहेत. पाच पायऱ्या चढल्याशिवाय कोणाच्याच घरात जाता येत नाही, आणि वहिनींना त्या पाच पायऱ्या जमत नव्हत्या. त्या त्याच खोलीत झोपायच्या. फोटोत खोलीच्या दारात वहिनी काठी धरून बसलेल्या आहेत, माझ्याकडे पाहून हसतायत. मीच म्हटलं होतं, हसा म्हणून.

बाई फार सौम्य होत्या. हरकतीचा अहवाल वर जाईल, त्या म्हणाल्या, आणि बाकीचं बांधकाम विभाग पाहील.

महिन्याभरात सगळ्यांना नोटिसा आल्या: जास्तीचं बांधकाम काढून टाका. कॉलनीत दोन-तीन दिवस मला कोणी नमस्कार केला नाही. मग सगळे पुन्हा माझ्याकडेच आले, कारण नोटिशीला उत्तर कोण लिहिणार? मी प्रत्येकाला मुदतवाढीचा अर्ज लिहून दिला. ते अर्ज अजून प्रलंबित आहेत आणि ब्यूटी पार्लरला आता एसी लागला आहे. गुरुजींनाही मी म्हणालो, द्या, तुमचाही लिहून टाकतो. ते म्हणाले, "नाई भाऊ. पोरायले तीस वर्सं नियम शिकवले मी." आणि दोन माणसं लावून त्यांनी आपली खोली पाडली. सबंध कॉलनीत नोटीस पाळणारा तो एकच माणूस. वहिनी पुन्हा आतल्या खोलीत गेल्या, म्हणजे घराबाहेर येणं बंदच झालं. मला फार वाईट वाटलं, पण त्यातही एक समाधान होतं. खोली गेली तर गेली, हरकत मान्य झाली तर माणूस तरी शेजारी राहील.

आणि हरकत मान्य झाली. सुधारित नकाशात आमची कॉलनी पुन्हा फिकट पिवळी. 'रहिवाशांचा तीव्र विरोध विचारात घेऊन' असं कारण दिलं होतं. सभामंडपात पेढे वाटले. माझ्या गळ्यात हार घातला. तो हार काढून, पेढ्यांचा पुडा घेऊन मी थेट गुरुजींकडे गेलो.

गुरुजींनी पेढा घेतला. "चांगलं झालं," म्हणाले. वहिनी आत पलंगावर होत्या. त्यांनीही पेढा खाल्ला आणि पदराला हात पुसून म्हणाल्या, "पेढा चांगला हाय भाऊजी. पन आता आमाले पुन्याले जा लागते."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते वहिनींकडे 'कायले सांगितलं' असं पाहत होते.

मग वहिनींनीच सांगितलं. पांढऱ्या गाडीवाल्याशी बोलणं झालं होतं. प्लॉट त्याला, आणि बदल्यात त्याच जागेवर, नव्या इमारतीत, अगदी खाली एक घर. एकही पायरी नाही. इमारत होईपर्यंत मागच्या गल्लीत भाड्याने राहायचं, म्हणजे कॉलनी सोडायचीच नव्हती. मुलगा पुण्याला बोलावत होता, त्याला त्यांनी 'आमी इथंच राह्यतो' म्हणून सांगूनही टाकलं होतं. सात मजले होणार नाहीत म्हटल्यावर गाडीवाल्याचे फोन बंद झाले. या पायऱ्यांच्या घरात वहिनींचं निभणं शक्य नव्हतं. आता घर विकायचं आणि मुलाकडे जायचं.

ज्याला थांबवण्यासाठी मी तीन पानं लिहिली, त्याची जायची वाट मीच मोकळी करून दिली होती.

"गुरुजी, मले सांगितलं काहून नाही?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "एका शब्दानं सांगतलं असतं, तर मी फाडून टाकली असती ना ती हरकत. आन पहिली सही तुमचीच!"

गुरुजी थोडा वेळ पेढ्याचा कागद दुमडत राहिले.

"भाऊ," ते म्हणाले, "रिटायर झाल्यापासून तुमी नुसते खिडकीत बसून राह्यत होते. तुमच्या घरच्या वहिनीनं दोनदा येऊन सांगतलं मले, यायचं काई खरं नाई म्हनून. त्या दिवशी तुमी कागद घेऊन आले, दाढी गिढी केलेली. आठ दिवस मले वाचून दाखवलं. इतकं खुश मी तुमाले कधी पायलंच नोतं. म्या म्हन्लं, लिवू दे. नगर परिषद कोनाची हरकत मान्य करते का कधी?"

मी तिथे खुर्चीवर बसलो आणि रडलो. पासष्टीचा माणूस, हातात पेढ्यांचा पुडा. वहिनी म्हणाल्या, "असू द्या भाऊजी," आणि त्याने मला जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी नगर परिषदेत गेलो. अर्ज लिहून नेला होता, आयुष्यातला सगळ्यात छोटा, पाच ओळींचा. सुनावणीच्या त्या अधिकारी बाईंनी तो वाचला.

"काका, हरकत तुमचीच होती ना?"

"हो."

"मान्य झाली ना?"

"हो. तीच तक्रार आहे."

त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. नकाशा मंजूर झालाय, त्या म्हणाल्या, आता पुढच्या सुधारणेच्या वेळी. ती कधी, मी विचारलं. साधारण वीस वर्षांनी, त्या म्हणाल्या. मी मनात गुरुजींच्या वयात वीस मिळवले, वहिनींच्या वयात मिळवले, आणि अर्ज परत मागून घेतला. आवकेत नोंद झालेली नव्हती, म्हणून परत मिळाला.

गुरुजी दोन महिन्यांत पुण्याला गेले. सामान फार नव्हतं. वहिनींना खुर्चीसकट चौघांनी पायऱ्या उतरवलं, त्यात एक हात माझा होता. त्यांचा मुलगा राहतो ते घर अकराव्या मजल्यावर आहे. सात मजल्यांविरुद्ध लढून मी माझ्या मित्राला अकराव्यावर पोचवलं, असं मी आता स्वतःच सांगतो. दुसऱ्याने सांगण्यापेक्षा ते बरं.

त्यांचं घर मारेगावच्या एका गृहस्थाने घेतलं. मजले दोनच आहेत, सगळं नियमात आहे. खाली-वर मिळून चौतीस लोखंडी पलंग टाकले आहेत, अभ्यासिका आणि मेस वेगळी. विरळ लोकवस्ती. त्याने पहिलं काम केलं ते दोन घरांच्या मध्ये भिंत घालण्याचं. बोअर तिकडे गेला, मी नळाच्या पाण्यावर आहे.

मी पुन्हा खिडकीत बसतो. कॉलनीत रस्त्याचा, गटाराचा काही प्रश्न निघाला की लोक येतात, एक अर्ज लिहून द्या म्हणतात. मी चष्मा मोडला म्हणून सांगतो. बायको नुसता दाढीचा साबण पुढे सरकवते.

परवा दुपारी गुरुजींचा फोन आला. वहिनींची तब्येत बरी आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, अकराव्यावरून डोंगर दिसतात. मी विचारलं, शेजारी कोण आहे. ते म्हणाले, "नाई मालूम. दार बंदच राह्यते."

"तुमी काय करून राह्यले भाऊ?" त्यांनी विचारलं.

"एक अर्ज लिहून राह्यलो," मी म्हणालो.

"कायचा?"

"रस्त्याचा आहे. मोठा आहे, चार-पाच पानं होईन."

"लिवा, लिवा," गुरुजी म्हणाले. आवाज एकदम मोकळा झाला त्यांचा. "झाला का मले वाचून दाखवजा फोनवर."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवून कागद शोधायला उठलो.